सदतीस मिनिटांचा थांबा

रकाना १ : दावेदाराचे नाव व व्यवसाय

दर्शना जगन्नाथ मोहिते. अभियंता, धरणाचे दरवाजे.

मधलं नाव लिहिताना तिचा हात दर वेळी रेंगाळायचा. अर्ज पाचव्यांदा भरत होती, तरीही.

समोर बसलेल्या टोणपे मॅडम घड्याळाकडे न बघता घड्याळाकडे बघत होत्या. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते जमतं. कराडच्या शाखेतलं 'कार्ड व प्रवासविमा तक्रारी' हे टेबल त्यांचं. टेबलामागे एक काचेची खोली, आत एक खुर्ची, खुर्चीवर चष्मा आणि कानात घालायची बोंडं.

"मॅडम, मनापासून विचारते," टोणपे म्हणाल्या, "विमान चुकून आता सहा महिने झाले. एवढ्या दिवसांत लोक दावा विसरतात, कार्ड बदलतात. माझ्याकडं एकानं तर नवी बायको केली. तुम्ही मात्र दर महिन्याला पाटणहून तासभर एसटीत बसून येता."

"माझा हक्क आहे," दर्शना म्हणाली.

"हक्क आहेच हो. पण तुमच्या हातातल्या पट्ट्याचा आकडा माझ्या पडद्यावर दिसतोय. घाईमान शून्य. दावा निकालात निघावा अशी घाई असलेलं माणूस असं बसत नाही."

दर्शनाने मनगट टेबलाखाली घेतलं.


रकाना २ : दावा नाकारण्याचे कारण (कंपनीने भरावयाचे)

घाई मनात असते, असं आपण इतकी वर्षं समजत होतो. ती असते स्नायूंत. माणूस उठून चालायला लागतो त्याच्या बऱ्याच आधी त्याचं शरीर निघालेलं असतं. पोटऱ्या किंचित आवळतात, श्वास वर सरकतो, नजर दाराकडे फेऱ्या मारते, मनगटाच्या शिरांमध्ये एक बारीक कंप उतरतो. यातल्या एकट्या खुणेला काही अर्थ नाही. पण लाखो प्रवाशांच्या मनगटांवरच्या नोंदी एकत्र केल्यावर त्या कंपातून एक आकडा काढता येऊ लागला, शून्य ते शंभर. त्याला घाईमान म्हणू लागले.

क्रेडिट कार्डवाल्यांनी हा आकडा सगळ्यांत आधी उचलला. पूर्वी विमान चुकलं तर कंपनीला एवढंच कळायचं, की माणूस उशिरा पोचला. तो पोचायला निघाला होता का, हे आता कळू लागलं. त्यांनी 'निमित्त' नावाची प्रणाली आणली. मनगटावरचा पट्टा, गाडीतली सक्तीची नोंदपेटी आणि रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यांतून ती प्रवाशाचा सगळा प्रवास पुन्हा उभा करायची आणि उशिराचं खापर कुणावर फोडायचं ते सांगायची. गाडी बिघडली, चालकाने दिरंगाई केली, रस्ता तुंबला, तर भरपाई पूर्ण. प्रवाशालाच जायचं नव्हतं असं निघालं, तर शून्य.

आकडा बँकेपुरता राहिला नाही. कुठल्याशा नवरदेवाला मुहूर्ताला उशीर झाला, तेव्हा मुलीकडच्यांनी त्याचं वरातीतलं घाईमान मागितलं. अकरा निघालं. अक्षता ताटातच राहिल्या. आजारी आईकडे उशिरा पोचलेली पोरं भावंडांपासून मनगट लपवू लागली. पट्टा काढून ठेवावा, तर कार्डावरचा विमा त्या क्षणी बंद.

दर्शनाला आलेलं पत्र चार ओळींचं होतं. 'सकाळी ११.०५ ते ११.४२ या वेळेत आपले वाहन महामार्गावरील हॉटेल वनश्री येथे उभे होते. वाहनात बिघाड आढळत नाही. या काळात आपले घाईमान शून्य होते. सबब दावा अमान्य.'

"शून्य म्हणजे फारच झालं," टोणपे पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. "गाढ झोपलेल्या माणसाचंसुद्धा चार-पाच असतं."


रकाना ३ : चालकाचे नाव व दावेदाराशी नाते

जगन्नाथ मोहिते. वडील.

पाटण आगारात मोहिते ड्रायव्हर. घरी अप्पा. एकतीस वर्षं एसटी चालवली. आधी कुंभार्ली घाटातून चिपळूण, मग पाटण–पुणे. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा लावला होता. पण त्यांचा खरा अभिमान बिल्ल्याचा नव्हता. गाडी उशिरा आली की लॉगशीटवर कारण लिहावं लागायचं. दरड, पंक्चर, जनावर आडवं, प्रवाशांत भांडण. एकतीस वर्षांत त्या जागी 'चालक' हा शब्द एकदाही पडला नव्हता.

आणि डबल बेल. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. दोन टोल पडल्याशिवाय अप्पांच्या हातून गाडी जागची हलायची नाही. साहेब बसलेला असो नाहीतर आमदार. मे महिन्याच्या सुट्टीत दर्शना बॉनेटशेजारच्या सीटवर बसून पुण्याला जायची, तेव्हा हणमंत कंडक्टर तिला उचलून धरायचा आणि दोरी तिच्या हातात द्यायचा. टण् टण्. एवढी मोठी लाल गाडी, पन्नास माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, नवरा-नवरी, सगळं तिच्या दोन बोटांच्या हुकमाने हलायचं.

निवृत्तीनंतरही अप्पांची सवय सुटली नाही. स्कूटरवर मागे बसणाऱ्याने खांद्यावर दोनदा थोपटायचं. जुन्या पेट्रोलच्या मोटारीत बसणाऱ्याने सीटच्या पाठीवर. दर्शनाची आई होती तोवर वैतागायची. "भर रस्त्यात लोक बघत्यात, आन् मी ह्यांची पाठ थोपटतेय. म्हातारपणी कसलं कौतुक करू यांचं?" पण थोपटायची.


रकाना ४ : घटनेचे थोडक्यात वर्णन

रॉटरडॅमला तीन वर्षांची नोकरी. समुद्र अडवणाऱ्या दरवाजांची देखभाल. कोयनेच्या दरवाजांवर बारा वर्षं काढलेल्या बाईला असं बोलावणं येणं म्हणजे लॉटरीच. पाटणमध्ये पेढे वाटून झाले होते.

विमान सासवडच्या बाजूच्या नव्या विमानतळावरून दुपारी. आपोआप चालणारी टॅक्सी दारात येत होती, पण अप्पा हटून बसले. "इंजानासमोर माणूस नसलेल्या गाडीतनं पोरगी पाठवू व्हय मी?"

तिची मोठी बॅग पुढच्या सीटवर, बॅगेला पट्टा बांधलेला, आणि ती मागे. अप्पांच्या गाडीत प्रवासी मागेच बसायचा. वेळे गावापाशी हॉटेल वनश्रीला गाडी आपसूक वळली. एसटीचा थांबा तिथेच असायचा, ड्रायव्हर-कंडक्टरला पडद्याआड फुकट नाश्ता मिळायचा, आणि मालक पिसाळ अप्पांना अजूनही "पाटण–पुणे" अशीच हाक मारायचा. अप्पा उतरले. पिसाळ भेटला. गप्पा रंगल्या.

विमानतळावर पोचले तेव्हा काउंटर बंद होऊन अकरा मिनिटं झाली होती.

काचेच्या दारापाशी, लोकांदेखत, दर्शनाने तोंड सोडलं. "तुमच्या त्या पिसाळामुळं झालं हे! जन्मभर लोकांना वेळेत पोचवलंत, आणि पोटच्या पोरीचं विमान चुकवलंत."

अप्पांनी टोपी काढली, हातात फिरवली. "चुकलं माझं," म्हणाले.

चार दिवसांनी ती दुसऱ्या तिकिटाने गेली. ते चार दिवस तिने तोंड पाडून काढले. अप्पा रोज सकाळी मोटार पुसायचे आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने काही बोलायचे नाहीत. सात आठवड्यांनी ती रॉटरडॅममध्ये असताना अप्पा गेले. झोपेत, पहाटे, पहिली गाडी सुटायच्या वेळेला.

अर्जात मात्र तिने एवढंच लिहिलं होतं : 'वाहनचालक हॉटेलमध्ये गप्पा मारत बसल्याने उशीर.'


रकाना ५ : हरकती

अप्पांचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. फोन म्हणजे पैसे पडतात, ही त्यांची समजूत कधी गेलीच नाही. "पोचलीस? बरं. ठेवतो." आठ सेकंद. निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवा म्हटलं, की यंत्रासमोर खाकरायचे आणि गप्प बसायचे.

दिवस घालायला आली, तेव्हा बँकेचं पत्र दारात येऊन पडलेलं होतं. पत्रामागच्या बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'दावेदारास हरकत असलेल्या मिनिटांपुरता प्रसंगपट शाखेत पाहता व ऐकता येईल.'

ऐकता येईल.

नियम असा होता. प्रसंगपटात इतर गिऱ्हाइकांचे आवाज असतात, म्हणून प्रत मिळत नाही. फोन बाहेर ठेवून काचेच्या खोलीत बसायचं. ज्या मिनिटांवर हरकत, तेवढीच मिनिटं उघडणार. हरकती जास्तीत जास्त पाच, एका महिन्यात एक. आणि दावा कसाही मिटला, तरी सातव्या दिवशी सगळी नोंद नष्ट.

पहिल्या हरकतीत तिने ११.०५ ते ११.१२ मागितली. चष्म्यात हॉटेलचं आवार उभं राहिलं. माणसांना चेहरे नव्हते, राखी बाहुल्या नुसत्या. पण गाडीतून उतरताना एक हात कमरेवर ठेवणारी बाहुली कोण, ते सांगायला लागलं नाही. आणि आवाज खरा होता, हॉटेलच्या कॅमेऱ्याने आणि गाडीतल्या पेटीने टिपलेला.

"काय पिसाळ, दूध पातळ झालंय का नजर माझी?"

"या, या, पाटण–पुणे! इतक्या दिसांनी आलाय, आन् पयलं कुचकं बोलणं!"

ती हसली, मग रडली, मग एकदम ताठ झाली. ११.११ला अप्पा परत येऊन गाडीत बसले होते.

सहा मिनिटं. फक्त सहा. तिच्या आठवणीत ते तासभर पिसाळाशी बोलत होते. तिने शपथेवर सांगितलं असतं.

दुसरी हरकत, ११.१२ ते ११.२०. चष्म्याच्या खालच्या कडेला गाडीच्या पेटीची नोंद सरकत होती. इंजिन चालू. क्लच दाबलेला, तिथे हिरवा दिवा. अप्पांचा पाय क्लचवर होता आणि ते म्हणत होते, "हां, दे बेल."

मागच्या सीटवरून तिचाच आवाज आला, लाडात आलेला, चाळीस वर्षांच्या बाईला न शोभणारा. "अप्पा, ती धुक्याची गोष्ट सांगा ना. कुंभार्लीची."

"आगं इमान हाय तुझं!"

"आहे वेळ. सांगा."

मग अप्पांनी सांगितलं. घाटात धुकं असं, की काचेवर दुधाची साय. पुढचा रस्ता दिसेना. हणमंता खाली उतरला, पांढरा पंचा पाठीवर सोडला आणि गाडीपुढे चालायला लागला. पंच्याच्या मागनं गाडी. चार किलोमीटर. गाडीत वऱ्हाड होतं. नवरी म्हणाली, हळू चालवा मामा, मला काय घाई न्हाई. "आख्खी गाडी हसली," अप्पा म्हणाले, "फकस्त नवरीची आई न्हाई हसली."

तिसऱ्या हरकतीत दोघं मिळून थांब्यांची नावं म्हणत होते. पाटण, मल्हारपेठ, उंब्रज, नागठाणे. ती मुद्दाम एक गाळायची, ते ओरडायचे. मध्ये दोनदा "बेल दे गं" आलं. हिरवा दिवा तसाच.

चौथीत कुणी बोललंच नाही. सहा मिनिटांत अप्पा दोनदा खाकरले, एकदा काच खाली केली. त्या खाकरण्यासाठी ती एसटीत तासभर उभी राहून आली होती.

चिंचवडहून धाकट्या भावाचा, संदेशचा फोन आला. "ताई, तू बँकेशी भांडतेयस, का बँकेत राहायलाच गेलीयस?" रॉटरडॅमहूनही पत्र आलं, अदबीचं आणि स्पष्ट : रजा फार लांबली, एक तारखेपर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. ते तिने देवघरातल्या पंचांगाखाली सरकवलं.


रकाना ६ : तडजोड

"आज तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," टोणपेंनी एक कागद पुढे सरकवला. "कंपनी थकली. पूर्ण भरपाई देतायत. तिकीट, चार दिवस, सगळं. इथं फक्त सही."

दर्शनाने वाचलं. 'विलंबाचे कारण : चालकाचा दोष.'

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच की. तुमच्या पहिल्या अर्जात होतं. चालक गप्पा मारत बसला. कंपनीनं ते मान्य केलं." टोणपेंनी आवाज खाली आणला. "चालक आता हयात नाहीत. त्यांना काय फरक पडतो? कुणाचं वाईट होत नाही यात."

"पाचवी हरकत राहिलीय माझी."

"ती ऐकलीत काय अन् न ऐकलीत काय, आज दावा मिटणारच. पाचच्या पुढं नियम नाही."

"ऐकते आणि मग सही करते."

टोणपेंनी तिच्याकडे पाहिलं. मग खोलीची किल्ली दिली आणि बाहेरच्या रांगेतल्या माणसाला म्हणाल्या, "काका, जेवून या तुम्ही. वेळ लागंल."


रकाना ७ : ११.३३ ते ११.४२

"हात धुऊन येते," मागची बाहुली म्हणाली आणि उतरून गेली.

हे तिला आठवत होतं. हात धुतले नव्हते. नळापाशी उभी राहून ती महामार्गाकडे बघत राहिली होती. पण तेव्हा गाडीत काय झालं, ते तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

पिसाळाची बाहुली खिडकीशी वाकली. "पाटण–पुणे, अजून हितंच? इमान चुकंल की पोरीचं."

"बेल दिली न्हाई तिनं."

"आं? म्हातारपणी पोरखेळ करताय व्हय? काढा गाडी."

अप्पांनी मान नळाकडे वळवली. मग म्हणाले, "तीन बारी मागितली बेल. येक डाव बी दिली न्हाई. तिला आज जायचं न्हाई, पिसाळ. तिचं तिला ठावं न्हाई अजून, पर मला कळतंय. पाशिंजर पायरीवर पाय ठेवतो, तवाच कळतं त्याला खरंच जायचंय का काय."

"मग सांगा की तिला, नको जाऊ म्हणून."

"कसं सांगू? लई कष्टानं मिळवलीय नोकरी. जाईल. चार दिसानं जाईल, तयारीनं जाईल. आज तेवढं ऱ्हाऊ दे तिला."

"आन् इमानाचं? रडंल की ती."

"माझ्या नावावर लिवंल. लिवू दे. येवढी वर्सं कोरी ठेवलीय ती जागा. पोरीच्या नावावर कशाला?"

खाली, चष्म्याच्या कडेला, हिरवा दिवा विझला. अप्पांनी क्लचवरून पाय काढला होता. पंचवीसेक मिनिटं दुखरा गुडघा दाबून धरल्यावर.

पावलं आली. दार लागलं. अप्पांचा आवाज एकदम मोठा आणि खोटा झाला. "बघ, ह्या पिसाळानं आडकवलं बघ मला! गप्पात वेळ कसा गेला, कळलंच न्हाई."

"अप्पा! किती वाजले बघा!"

सीटच्या पाठीवर दोन थापा.

"चला," अप्पा म्हणाले.

गिअर पडला. चाकाखाली खडी वाजली. चष्मा काळा झाला.


रकाना ९ : विलंबाचे कारण (दावेदाराने स्वहस्ते भरावे)

आठवा रकाना तिने सोडला. तिथे बँक खात्याचा क्रमांक लिहायचा होता.

'चालकाचा दोष'वर तिने एक रेघ मारली. पेन कागदातून आरपार जाईल इतकी दाबून. खाली लिहिलं :

'प्रवाशाने डबल बेल दिली नाही. चालकाचा दोष नाही.'

टोणपेंनी वाचलं. "यावर एक पैसा मिळणार नाही, मॅडम."

"माहीत आहे."

"आणि सात दिवसांनी तो प्रसंगपट पण…"

"तेही."

"मग डबल बेल म्हणजे काय, तेवढं सांगा. कंपनी मला विचारेल."

दर्शनाने टेबलावर बोटाने दोनदा वाजवून दाखवलं. टोणपे हसल्या. "हां, हां. माझे मामा कंडक्टर होते, सांगोल्याला." त्यांनी शिक्का घेतला, शाई बघितली आणि कागदावर एकदा मारला. थांबल्या. मग गरज नसताना पुन्हा एकदा मारला.

दाराबाहेर बँकेने बोलावलेली टॅक्सी उभी होती. पुढे स्टिअरिंग नाही, नुसती रिकामी सीट. दर्शना मागे बसली. पंचांगाखालचं पत्र तिला आठवलं. एक तारखेला नऊ दिवस होते. मनगटावरच्या आकड्याकडे तिने पाहिलं नाही.

पुढे वाकून तिने रिकाम्या सीटच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"क्षमस्व," गाडी गोड आवाजात म्हणाली, "सूचना समजली नाही. कृपया तोंडी सांगा."

दर्शनाने घसा साफ केला. अगदी अप्पांसारखा.

"चला," ती म्हणाली.